सहावा सूर

मित्रांनो, मुळशीच्या या बंद खोलीत घोंगडीखाली उंचवटा दिसतोय ना, तो मी. एक जुना सिंथेसायझर. माझ्या पोटात सहा सर्किटं आहेत, म्हणजे एका वेळी सहा सूर. पट्टी कुठलीही दाबा, ती पाळीपाळीने सूर देतात. सहावं झालं की पुन्हा पहिलं.

घडलो जपानात, उमेदीची वर्षं गेली पुण्यात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. १९९८ साली मी विलासशेठच्या दुकानात धूळ खात होतो, तेव्हा दयानंद मास्तर आले. पैसे बेताचे.

"मास्तर, नवा घ्या. एका वेळी चारच सूर, पण वर्षाची गॅरंटी."

"चारांत माझे दोन हात मावत नाहीत, शेठ."

"मग हा म्हातारा बिघडला की माझ्या दारात आणू नका!"

मास्तर हसले. एसटीत मला मांडीवर घेऊन घरी आले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझं कौतुक व्हायचं. त्यांची लेक जुईली माझ्यावरच पहिलं गाणं शिकली. पुढे नोकरीसाठी ती माण गावी राहायला गेली.

इथे पावसाळ्यात सरपणापासून मोटरसायकलपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. २००५ साली मास्तरांनी मलाही गुंडाळलं. आतल्या आत मला घाम फुटला आणि सहावं सर्किट गंजून गेलं.

शेजारच्या बयाबाई मेंढरं राखायच्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, मेंढराला प्लास्टिक पांघरलं तर त्ये बी घुसमटंल की! हे घोंगडं घ्या."

सुटा भाग कुठेच मिळाला नाही. तेव्हापासून कुठलीही पट्टी दाबा, दर सहाव्या वेळी मी मुका. मास्तर कुरकुरले नाहीत. तो सूर ते स्वतः गाऊ लागले.

२००९ साली मास्तर गेले. वर्षभर घोंगडी कुणी उचलली नाही. खिडकीवरचं ऊन सरकायचं, तेवढीच सोबत.

मग जुईली आली. तिने पाच पट्ट्या दाबल्या. सहावीला काहीच नाही. पुन्हा पाच, पुन्हा काहीच नाही. तिने विलासशेठना फोन लावला.

"ताई, जुना देऊन टाका. नव्यात चारच, पण चारही धड," ते म्हणाले.

"उद्या गाडी पाठवा," जुईली म्हणाली.

बयाबाईंना घडी घातलेली घोंगडी दिसली. "इकायला काढलास व्हय गं?"

"बिघडलाय मावशी. दर सहावा सूर जातोय."

"आत्ता? पाच वर्सं झाली की! तुजा बाप त्यो सूर तोंडानं म्हणायचा. तुला कदी कळलंच न्हाई?"

जुईली माझ्यासमोर बसली. मग तिने पाच पट्ट्या दाबल्या. सहावीला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. दुसऱ्या फेरीला निघाला. चिरका, पण बरोबर त्याच जागी.

"शेठ, गाडी नको," तिने फोनवर सांगितलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला प्लास्टिकमध्ये कोंडू नका, वारा लागू द्या. आणि अधूनमधून हात लावा. आम्हाला गंज पावसापेक्षा न वाजल्यानेच जास्त चढतो.

जुईली आता रविवारी येते. उरलेले सहा दिवस मी घोंगडीखाली पाचापर्यंत सूर मोजतो आणि तिच्या सहाव्यासाठी थांबतो.