चाळीस जणांना धाडलेला सल्ला

बायको गेल्यापासून मामांच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज उरला नव्हता. कचेरीत नकाशे काढण्यात उभा जन्म गेला. आता चहा झाला की खिडकीपाशी बसायचं आणि फोनवर आलेले आरोग्याचे सल्ले चाळीस जणांना पुढे धाडायचे, एवढाच उद्योग. कुणी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र धाडलं, की दिवस बरा जायचा.

एका दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, आईला दवाखान्यात आणलंय. छातीत कळ आली."

मामा धावतपळत पोहोचले. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तिने तीन महिन्यांपासून बंद केल्या होत्या.

"तूच कळवलंस ना रे, अँटीऑक्सिडंटची पूड घेतली की गोळ्या नकोत म्हणून? म्हटलं, भाऊ कशाला खोटं सांगेल?"

मामा खोलीबाहेर आले.

भाची प्रयोगशाळेत धमन्यांच्या पेशींवर काम करायची. बाहेरच्या बाकावर मामा तिच्याजवळ पुटपुटले, "त्यात शास्त्र होतं गं."

"होतं, पण अर्धवट! धमनीच्या भिंतीतल्या पेशी शेजारणींना सतत निरोप देत असतात. कोलेस्टेरॉलचे बिघडलेले कण ही देवाणघेवाण तोडू शकतात, आणि अँटीऑक्सिडंट, म्हणजे असा बिघाड रोखणारं द्रव्य, घातलं तर ती थोडीफार वाचते. पण हे आम्ही काचेच्या बशीत पाहतो, मामा. बशीत! पूड खाऊन माणसाच्या अंगात तसंच होईल, असं आम्हीही म्हणत नाही. मला एकदा विचारायचंत तरी."

"तुला कशाला त्रास द्यायचा... कुणीतरी उत्तर देतं, म्हणून धाडायचो गं."

भाची हळूच म्हणाली, "आम्हीही कधी फोन केला नाही."

ताई वाचली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मामांनी मात्र त्या चाळिसांपैकी एकेकाला फोन लावला. "माझा सल्ला चुकीचा होता. औषध बंद केलं असेल, तर आजच डॉक्टरांना गाठा." बहुतेकांनी तो सल्ला वाचलाच नव्हता! कचेरीतल्या एका जुन्या सोबत्याने मात्र खरंच गोळ्या सोडल्या होत्या. तो लगेच डॉक्टरांकडे जायला कबूल झाला आणि म्हणाला, "ठेवू नकोस रे इतक्यात. आठवडाभरात कुणाशी बोललो नाही."

वाचकहो, ऐकीव सल्ला पुढे ढकलायला एक बोट पुरतं, पण त्यापायी कुणाचा तरी जीव टांगणीला लागतो. डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध सोडू नका, दुसऱ्याला सोडायला लावू नका. आणि कुणाची आठवण आलीच, तर सरळ फोन करा, "कसा आहेस?" म्हणून विचारा.