ओल्या गवताचा धूर

साल होतं चौसष्ट. धाकटीनं दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि खिडकीतून पाहिलं, तर तिचा नवरा धुमसत्या गवताची पेंढी हातात उंच धरून भर सकाळी शेतातून चालला होता. पुढे थोरला दीर, मागे मोजायची फीत घेऊन गवंडी.

थोरल्याच्या डोक्यात त्या वर्षी घोडे शिरले होते. कुणा श्रीमंत मित्राकडे त्यानं ते पाहिले आणि चार विकत घेऊनच परतला. घोडे आले, पण त्यांना बांधायचं कुठे याचा पत्ता नव्हता. जमीन दोघा भावांची, सासऱ्यांनी न वाटता ठेवलेली. वर थोरल्याचं मोठं घर, खाली उतारावर धाकट्याचं. तबेल्यासाठी जागा शोधण्याची थोरल्याची एक खास युक्ती होती. "वास दिसत नाही ना, मग धुराला विचारायचं," तो म्हणायचा. जागेवर ओलं गवत पेटवायचं आणि धूर कुठे जातो ते पाहायचं. पेंढी धरायचं काम अर्थातच धाकट्याकडे. त्याला सगळे 'होयदादा' म्हणत, आणि त्यालाही तो 'होय' म्हणायचा.

पहिला धूर मोठ्या घरामागच्या टेकाडावर झाला.

"जागा एक नंबर आहे," गवंडी म्हणाला. "पाणी साचणार नाही, जमीन टणक."

पण धूर वळला आणि थेट मोठ्या घराच्या ओसरीत शिरला. जाऊबाई नाकाला रुमाल लावून बाहेर आल्या. "अगंबाई! माझे पडदे! हलवा ते आधी."

"हलव रे," थोरला म्हणाला.

"होय दादा."

दुसरा धूर फाटकाजवळ झाला. तो रस्त्यावर गेला. म्हणजे पाहुणे नाक धरून आत येणार. तेही नको. मग तिघे उतार उतरून धाकटीच्या मागच्या दारी आले, आणि धूर कुणी बोलावल्यासारखा तिच्या खिडकीतून आत आला. दुधावर काजळी धरली. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाहेरून थोरल्याचा आवाज आला, अगदी समाधानाचा. "बरोबर! इथंच. ठोक खुंट्या."

ती पातेलं हातात घेऊनच बाहेर आली.

"भाऊजी, धूर माझ्या घरात येतोय."

"अगं, आत्ता विझवतो."

"धूर विझेल. घोडे विझणार आहेत का?"

गवंड्यानं फीत गुंडाळायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. थोरला मात्र हसला नाही. समजावणीच्या सुरात म्हणाला, "घोडा म्हणजे काही डुक्कर नव्हे. त्याच्या वासाला लोक मान देतात."

"मग तो मान जाऊबाईंना द्या की. मोठ्या आहेत."

थोरल्याचा चेहरा उतरला. तो भावाकडे वळला. "काय रे? जमीन तुझीही आहे. तू सांग. तू नको म्हणालास तर नको. टेकाडावर बांधू."

एवढंच हवं होतं. एक शब्द. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि तिनं नवऱ्याकडे दागिना मागितला नव्हता की साडी. आता तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पेंढीकडे पाहिलं.

"टेकाडावर म्हणजे..." तो म्हणाला, "घोड्यांना चढ पडेल."

बायकोनं घाणीत स्वयंपाक करावा, पण घोड्याला चढ पडू नये! हा माणूस आपल्या शेजारी झोपतो, आपल्या हातचं जेवतो, याचीच धाकटीला किळस आली. तिनं हातातलं पातेलं उचललं आणि सगळं दूध त्या पेंढीवर ओतलं. चर्रकन आवाज झाला आणि करपल्या दुधाचा उग्र भपकारा उठला. दूध त्याच्या बाहीवरून ओघळत राहिलं.

"घ्या आता वास," ती म्हणाली आणि आत गेली.

तबेला तिथेच झाला. काम संपत आलं तेव्हा तिनं गवंड्याला हाक मारली. "उरलेल्या विटांनी माझी खिडकी बुजवून टाका."

"वहिनी, आत अंधार होईल."

"होऊ दे. अंधाराला वास नसतो."

पण वास भिंतीला विचारून येत नाही. लिदीच्या ढिगाची वाफ दाराखालून यायची. दुधात माश्या, पिठात माश्या, झोपलेल्या लेकीच्या ओठांवर माश्या. घोड्यांचं सगळं करायला होयदादाच होता. थोरला फक्त पाहुण्यांना ते दाखवायचा. धाकटीनं दाराशी पाण्याची बादली ठेवली. "कोपरापर्यंत धुतल्याशिवाय आत यायचं नाही," एवढंच ती म्हणाली. कडाक्याच्या थंडीतही तो बाहेर उभा राहून हात धुवायचा, एक शब्द न बोलता. त्या न बोलण्याचाच तिला अधिक संताप यायचा.

थोरल्याची हौस लवकरच फिटली. तीन घोडे विकले गेले. उरली एक म्हातारी घोडी. तिला गिऱ्हाईक नव्हतं. धाकटा ती मरेपर्यंत तिला सांभाळत होता, आणि पुढच्याच हिवाळ्यात तोही गेला. लेक लग्न होऊन दूर गेली. तिच्या घरी खिडक्याच खिडक्या आहेत. गवंडी कंत्राटदार झाला, गाडीतून जाताना ओळख देईनासा झाला. जाऊबाई मुलाकडे शहरात राहायला गेल्या, पडदे घेऊन. थोरल्याला काही नेलं नाही. तिथे जागा कमी होती म्हणे.

तबेला पाडला तेव्हा धाकटीनं खिडकीच्या विटा स्वतःच्या हातानं काढल्या. समोर, लीद पडायची तिथे, कमरेएवढं गवत माजलं होतं.

म्हातारा थोरला आता दोन्ही वेळा तिच्याकडेच जेवतो. पहिल्या दिवशी काठी टेकत उतार उतरून मागच्या दाराशी आला आणि बिचकत म्हणाला, "वास गेला ना गं आता?"

"तुम्हाला कधी आला होता?"

तो उंबरा ओलांडणार तोच तिनं बादलीकडे बोट दाखवलं.

"माझ्या हातांना कसली घाण?" तो म्हणाला. "मी तर एका घोड्याला हात लावला नाही कधी."

"धुवा, भाऊजी. कोपरापर्यंत."

त्यानं काठी भिंतीला टेकवली, बाह्या वर केल्या आणि वाकला. तो धूत असेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग पुसायला फडकं पुढे केलं आणि पान वाढायला आत गेली.