पहिलीचा मान

प्रेमिलाच्या गळ्यात तिची सवत होती. चांदीची, चिंचोक्याएवढी. रुपरावची पहिली बायको उत्तरा तापानं गेली, वर्षभरानं प्रेमिला त्या घरात आली आणि सासूनं, पार्वतीबाईनं, मंगळसूत्राच्या जोडीला उत्तराच्या नावाचा टाक बांधला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. पहिला घास तिचा, पहिला आंबा तिचा. एकदा प्रेमिलानं गुपचूप आंबा आधी खाल्ला, तर तीन दिवस पोटात पाणी ठरेना. "पाह्यलं?" पार्वतीबाई एवढंच म्हणाली. तेव्हापासून प्रेमिलानं धसकाच घेतला. जिवंत सवत असती तर झिंज्या तरी धरता आल्या असत्या. मेलेल्या बाईशी भांडायचं कसं?

रुपराव उत्तराचं नावही काढत नसे. इतवारीतलं कापडाचं दुकान, जेवण, झोप. आणि हाच घुम्या माणूस शहात्तरच्या जानेवारीत एकाएकी म्हणाला, "चाल, तुले मद्रासचा समुद्र दाखवतो." प्रेमिलाला आभाळ ठेंगणं झालं. निघताना सासूनं बजावलं, "नवं काही पाहशीन, तं आधी तिले दाखवजो."

गाडीत बसल्यापासून प्रेमिलाच्या मनानं एकच घेतलं. समुद्र आधी मी पाहीन. एवढी एक गोष्ट तरी माझी पहिली.

मद्रासच्या लॉजमध्ये रुपराव आंघोळीला गेला तसा तिनं टाक सोडला, रुमालात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी घातला. गळा हलका होईल असं वाटलं होतं. उलट खोलीत कुणीतरी रुसून बसलंय असं वाटायला लागलं. दाराला कुलूप लावताना तिनं आत पाहिलंच नाही.

बाहेर लख्ख ऊन होतं. वाळू तुडवत ती रुपरावच्या पुढं गेली आणि समुद्र दिसला. "अवं माय!" ती मोठ्यानं हसली. पाणी संपतच नव्हतं. अंबाझरीचा तलाव म्हणजे याच्यापुढं परातीतलं पाणी. हात आपोआप गळ्यातल्या टाकाच्या रिकाम्या जागेशी जात होता, पण काही झालं नाही. साधी मळमळसुद्धा नाही.

"डाव्या हाताले कोळ्यायचे तराफे असतात," रुपराव म्हणाला.

"तुम्हाले कसं माहीत?"

"आलो होतो ना. उत्तराले घेऊन. मायले सांगितलं, तिले माहेरी पोचवून येतो. चार दिवस इथंच होतो. याच लॉजात."

प्रेमिलाच्या तोंडचं पाणी पळालं. जिच्यापासून समुद्र चोरला, तिनं तो कधीचाच पाहिला होता. तोही या मातृभक्तानं आईशी खोटं बोलून दाखवलेला. इतका संताप आला तिला, की रडूही येईना.

"पाण्यात गेल्या होत्या त्या?" तिनं कसंबसं विचारलं.

"नाही वं. भेत होती. तिथं वाळूत बसून राहिली. किती बोलावलं मी!"

मग पाणी तरी माझं, प्रेमिला मनाशी म्हणाली. लुगडं खोचून ती तरातरा आत शिरली. लाट गुडघ्यावर आदळली, तुषार ओठांवर आले. खारट! ही चव उत्तराला ठाऊक नव्हती. आनंदानं भरून येऊन तिनं नवऱ्याला हाक मारायला मान वळवली.

रुपराव घोटाभर पाण्यात, समुद्राकडे पाठ करून उभा होता. समोरच्या कोरड्या वाळूवर कुणीच नव्हतं. तिकडे हात पुढं करून, प्रेमिलानं कधी न ऐकलेल्या लाडक्या आवाजात तो म्हणत होता, "ये ना वं. पाणी काही खात नाही तुले."