श्वास घेणारी रिंग

“फुगली! परत फुगली!”

मोजणीच्या खोलीच्या दारातून कोणीतरी ओरडलं आणि गर्दी पुढे रेटली. पॅकिंगमधल्या बायका, वेल्डर, मालकांचा ड्रायव्हर, शेजारच्या कारखान्यातले लोक, सगळे माना उंचावून त्या पोलादी रिंगकडे बघत होते. उंच माणूस हात पसरून आत झोपेल एवढी ती रिंग दगडी टेबलावर आडवी ठेवली होती. वरून मशीनचा हात लोंबत होता, त्याच्या सुईच्या टोकाला माणकाची लाल गोळी. सुई नुकतीच रिंगेला जागोजागी शिवून वर गेली होती आणि पडद्यावर व्यास उमटला होता. सकाळपेक्षा एका केसाच्या जाडीएवढा जास्त.

“केसाएवढं का होईना,” ड्रायव्हर म्हणाला, “लोखंड काय उगाच फुगतं?”

“पोटात जीव असल्याशिवाय काहीच फुगत नाही,” पॅकिंगमधली एक म्हणाली.

“तुला बरं माहीत!”

“तीनदा फुगलेय मी.”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. रिंगेशेजारी, खुर्चीवर, माझी आई बसली होती.

तो जीव माझ्या बाबांचा आहे, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मोठ्या रिंगांचे व्यास मोजणं हे बाबांचं काम. ही त्यांची शेवटची रिंग. मोजून झाली, त्यांनी आकडा लिहिला, मागे वळले आणि कोसळले. पुढे त्यांच्या कामावरच्या जोडीदाराने, मी त्यांना काका म्हणते, ती रिंग पुन्हा मोजली, तर मोठी भरली. सकाळी पाहावं तर आकसलेली, संध्याकाळी पुन्हा फुगलेली. रिंग श्वास घेते, अशी बोलवा झाली. हळहळणारे आले, मग नुसतेच बघणारे आले, आणि शेवटी मौनीबुवा आले.

मौनीबुवांचं तोंड मी कधी मिटलेलं पाहिलं नाही.

“मी बोलत नाही!” ते आत्ताही गर्जत होते. “माझं मौन आहे. बोलतो तो वरचा. देह गेला, माप उरलं! माप म्हणजे काय? वासना! जन्मभर मापलं, आता स्वतःच मापात अडकला. विचारा त्याला. हो असेल तर फुगेल, नाही असेल तर गप्प राहील.”

हो हवं असेल तेव्हा बुवा रिंगेच्या आतल्या कडेला दिव्यांची रांग लावायला सांगत. नाही हवं असेल तेव्हा दिव्यांचं नावही काढत नसत. दिवे कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. दिव्यांना कोण हरकत घेणार?

मी त्या गर्दीच्या फार बाहेर होते असं नाही. घरी बाबांचा दाढीचा ब्रश ओला आहे असं मला एकदा वाटलं होतं. हात लावून पाहिला. कोरडा होता. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लावला.

पण बुवांनी आईला सांगितलं होतं, “सुईने टोचलेला रस आत्म्याला आडवा येतो, माई. दिवे जळत असताना रिंग त्याच्या आकड्यावर थांबली, की तो सुटला. तोवर टोचून घेऊ नका.” आणि आईने इन्सुलिन बंद केलं. तिचे ओठ सुकले होते, ती भांड्यामागून भांडं पाणी पीत होती, श्वासाला पिकल्या फळासारखा वास येत होता. डॉक्टर फोनवर माझ्यावरच ओरडले. “आज, आत्ता इंजेक्शन दिलं नाहीत तर बाई हातच्या जातील.”

“आई, घरी चल.”

“तू हो पुढे. ह्यांना असं एकटं टाकून कशी येऊ?”

“बाबा इथे नाहीत, आई.”

“मग हात लाव. बघ कशी ऊब आहे.”

मी हात लावला. रिंग खरंच कोमट होती. तो हात काढवेना. आणि तसाच हात ठेवून उभी असताना मला ते दिसलं. बटणाएवढं चुंबक, वायरला बांधलेलं, रिंगेपासून हातभर दूर, दगडावर पडलेलं.

“काका, हा तापमानाचा सेन्सर ना? बाबा सांगायचे, हा रिंगेला चिकटलेला असतो. इथे कसा?”

काका खाली बघत राहिले. “त्यांनीच काढून ठेवला होता, शेवटी. त्यांचा चष्मा, वही, कशालाच कोणी हात लावलेला नाही पोरी. हेही तसंच.”

“पण त्याने काय होतं, हे तुम्हाला तर ठाऊक आहे.”

“कळत होतं गं. तो हलवायला हात होत नव्हता.”

मी तो सेन्सर उचलला आणि रिंगेवर ठेवला. टक् असा आवाज झाला. त्याला रिंगेची ऊब लागेपर्यंत आम्ही थांबलो.

“आता मोजा, काका.”

सुई खाली आली. एकेक जागी लाल गोळी शिवत गेली. मग पडद्यावर आकडा आला, आणि काकांनी तोंडावर हात ठेवला. तो बाबांचा आकडा होता. दिवे जळतच होते.

“सुटला!” बुवांनी दोन्ही हात वर केले. “बघा, पोरीचा हात लागला आणि बाप सुटला! माई, तुमचं तप फळलं. आता खुशाल टोचून घ्या!”

सगळी खोली हात जोडून उभी राहिली. आई रडत होती आणि तिने पिशवीतून इंजेक्शन काढलंसुद्धा. मी गप्प राहिले असते तर काम झालं होतं. बाबा सुटले होते, आई वाचली होती, बुवा थोर ठरले होते. आणि उद्या ते दुसऱ्या कोणाच्या तरी आईला औषध सोडायला सांगणार होते.

“आई, आधी ते घे,” मी म्हणाले. तिने टोचून घेईपर्यंत मी थांबले. मग सेन्सर काढून पुन्हा दगडावर ठेवला. थोडं थांबून काकांनी परत मोजलं. आकडा एका केसाने वाढला.

“बाबा परत अडकले,” मी म्हणाले. “बुवा, दिव्यांना हात न लावता सोडवा.”

बुवा घसा खाकरू लागले.

“आज मात्र खरंच मौन लागलं,” पॅकिंगमधली म्हणाली.

मग मी सगळ्यांना सांगितलं. पोलाद तापलं की वाढतं. रिंग जितकी मोठी, तितकी वाढ मोठी; या मापाच्या रिंगेला तीन अंश म्हणजे एक केस. म्हणून सेन्सर रिंगेला चिकटवतात. मशीन तिची ऊब मोजतं आणि वीस अंशांवर ती किती भरली असती, तो आकडा दाखवतं. सेन्सर दगडावर होता आणि जाड दगड गार होता. मशीन रिंगेलाही तितकीच गार समजत होतं. रात्री खोली रिकामी, रिंग निवायची. दिवसा गर्दी, उघडं दार, त्यात दिवे. बुवांना सेन्सर माहीत नव्हता, पण तापलं की वाढतं एवढं पक्कं माहीत होतं.

“पुन्हा लावून दाखवते,” मी सेन्सर उचलला.

“पुरे,” आई म्हणाली. “त्यांना असं आत-बाहेर करू नकोस.”

माझा हात थांबला. तिने रिंगेवर तळहात टेकवला. मग म्हणाली, “म्हणजे ह्यात नव्हतेच ते?”

“नाही, आई.”

“मग ही ऊब कोणाची?”

“दिव्यांची. थोडी आपल्या सगळ्यांची. इतकी माणसं त्यांच्यासाठी येऊन उभी राहिली.”

तिने स्वतः वाकून एकेक दिवा विझवला. बुवा कधी निघून गेले ते कोणी पाहिलं नाही. मी तिला तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं तेव्हा ती म्हणाली, “तू नसतं सांगितलंस तर मला बरं वाटलं असतं.”

मला माहीत आहे. मलाही वाटलं असतं.

तरी हे लिहिते आहे, कारण असे बुवा नेमके अशाच घरात येतात जिथे कोणाचा तरी हात होत नसतो. त्यांना एवढंच विचारा: दिवे नसताना करून दाखवाल का? आमच्यातल्या कोणी मोजलं तर चालेल का? आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याला काहीच विचारू नका, दार दाखवा. गेलेल्या माणसासाठी रडायला कुठलाही पुरावा लागत नाही. तो परत आला असं म्हणणाऱ्याकडे मात्र पुरावा मागायलाच हवा, आपल्याला त्याचं म्हणणं कितीही खरं वाटावंसं वाटत असलं तरी.