टेकडीच्या रानातली सायकलवाट

मित्रांनो, माझ्या अंगावर डांबर नाही, खडी नाही, कडेला मैलाचा दगडही नाही. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला गवतात उतरावं लागतं, एवढीच माझी रुंदी. मी एक जुनी सायकलवाट आहे. जालना जिल्ह्यात, बदनापूरच्या अलीकडे लिंबखेडा नावाचं लहानसं गाव आहे. गावामागे टेकडी आहे, टेकडीवर झाडी आहे, आणि त्या झाडीतून वळणं घेत मी जाते.

माझा जन्म झाला तेव्हा ही झाडी नव्हती. टेकडी नुसती बरड होती. एकोणीसशे एक्याऐंशी सालची गोष्ट. रोजगार हमीच्या कामावर गावातल्या बाया टेकडीवर खड्डे खणत होत्या आणि त्यांत कडुलिंब, बाभूळ, सीताफळ अशी रोपं लावत होत्या. त्यांत द्वारकाबाई होती. तिचा नवरा रखमाजी त्याच वर्षी जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या मिलमध्ये कामाला लागला. गावाचा रस्ता फार वळसा घालून जायचा. रखमाजीनं एका सकाळी सायकल सरळ टेकडीवर घातली. त्याच्या चाकानं मुरमात एक रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी त्याच रेघेवरून चाक गेलं, तिसऱ्या दिवशीही गेलं. अशी मी झाले. मला कोणी आखलं नाही की मोजलं नाही.

उन्हाळा आला तेव्हा रोपं माना टाकू लागली. द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाली, "मिलला जाता जाता दोन झाडांना पानी घाला की. हात झिजतेत का त्यानं?"

रखमाजी कॅरिअरला पाण्याचा डबा बांधून आणायचा. पाणी घालायचा, रोपाच्या बुडाशी दगड रचायचा आणि मग जोरात पायडल मारत निघायचा. त्याचं पाहून त्याचा शेजारी कचरूही तसंच करू लागला. कचरू त्याच मिलमध्ये होता. हळूहळू गावातले आणखी कामगार माझ्यावरून जाऊ लागले. पहाटे सायकलींची रांग निघायची. डब्यांची झाकणं वाजायची. वळणावर घंट्या वाजायच्या. परतताना त्यांच्या अंगाला लोखंडाचा आणि घामाचा वास यायचा.

झाडं मोठी होत गेली तशा मला फांद्या फुटल्या. टेकडीच्या माथ्यावर माझा एक फाटा मिलकडे जाई. दुसरा बदनापूरच्या स्टेशनाकडे. तिसरा जुन्या बारवेकडे, जिथं दगडी पायऱ्यांखाली बारा महिने पाणी असे. आणि चौथा फाटा मुरमाच्या खदानीकडे. या चौथ्या फाट्याला पुढं काहीच नव्हतं. खदान खोल होती, काठ ढासळता होता. फक्त शेरडं त्या बाजूला चरायला जात.

ते माझे सुखाचे दिवस होते. पंक्चर होऊ नये म्हणून सगळेच माझी काळजी घेत. कुणी सराटे उपटून टाकी, कुणी बाभळीची काटेरी फांदी ओढून बाजूला करी. पावसानं खळगा पडला तर रखमाजी थांबून मुरूम टाकी. कचरू हसून म्हणायचा, "दादा, तू मिलमधी कामाला हायेस का वाटेवर?"

"दोन्हीकडं हाय," रखमाजी म्हणायचा. "मिलवाले पगार देतेत. वाट घरी आनून सोडती."

मग काळ बदलला. टेकडीच्या पायथ्यानं पक्का डांबरी रस्ता झाला. कामगारांसाठी टेम्पो येऊ लागला, तरुण पोरांनी मोटरसायकली घेतल्या. त्यांचा काही दोष नाही, मित्रांनो. दमलेल्या माणसाला चढ कशाला हवा? पण मी एकटी पडत गेले. घाणेरीची झुडपं दोन्ही बाजूंनी माझ्या अंगावर आली. शेवटी एकटा रखमाजीच सायकलनं येत राहिला, आणि एके दिवशी तोही निवृत्त झाला. त्या दिवशी तो मिलमधून परतताना माथ्यावर उतरला, सायकल कडुलिंबाला टेकवली आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. मग उठून सायकल ढकलत चालत गेला. त्यानंतर माझ्यावर चाक उमटलं नाही आणि मिलकडचा फाटा तर घाणेरीनं पार झाकून गेला. सशांनी, मोरांनी आणि शेरडांनीच काय ते मला जागं ठेवलं.

पुढं काही वर्षांनी, एका हिवाळ्यात रखमाजीची सून मोळी आणायला रानात आली. तिचं नाव सत्यशीला. माहेर परतूरचं. रखमाजीच्या मच्छिंद्रशी लग्न होऊन तिला दोन वर्षं झाली असतील. सकाळची वेळ होती. तुरीच्या शेतांवर धुकं पडलेलं, गवतावर दव. तिनं काटक्या गोळा केल्या, मोळी बांधली. मग इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. तिनं मोळी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला, चपला काढल्या आणि पळत सुटली.

इतकी वर्षं मी चाकांची होते. चाकाचा भार अंगावरून सरकत जातो. पळणाऱ्या पायाचा भार पडतो आणि लगेच उचलला जातो, पुन्हा पडतो. मला ते नवीन होतं. ती पळसापर्यंत गेली, वळली आणि परत आली. धापा टाकत होती आणि एकटीच हसत होती.

परतूरच्या शाळेत असताना ती पळायची. शाळेनं तिला जिल्ह्याच्या शर्यतीलाही नेलं होतं. लग्नानंतर ते सुटलं. गावात बाई पळताना दिसली की दारादारांतून माणसं विचारतात, 'काय झालं? कुनाला काय झालं?' सुखासुखी पळणं त्यांना ठाऊकच नसतं.

ती रोज येऊ लागली. एके दिवशी समोरून द्वारकाबाई आली. सून मोळीला इतका वेळ का लावते, ते बघायला आली होती. सत्यशीला वळणावरून धावत आली ती थेट सासूपुढेच थांबली.

"कुठं आग लागली गं?" द्वारकाबाईनं घाबरून विचारलं.

"कुठंच न्हाई, आत्या."

"मंग कोन मागं लागलंय?"

"कोनीच न्हाई. उगंच पळून राह्यले."

"उगंच? उगंच कुनी पळतंय व्हय?"

सत्यशीला मान खाली घालून उभी राहिली. तिचे अनवाणी पाय दवानं ओले झाले होते आणि टाचेत एक काटा मोडला होता. द्वारकाबाई खाली बसली, सुनेचा पाय मांडीवर घेतला आणि डोक्यातली पिन काढून काटा काढला. "शाळंत पळत व्हतीस म्हणं तू," ती म्हणाली. "मच्छिंद्र बोल्लाता."

"व्हय. जिल्ह्याला गेल्ते."

द्वारकाबाईनं मान वर करून पाहिलं. आजूबाजूला तिनंच लावलेली झाडं होती. मग म्हणाली, "गावात पळायचं न्हाई. लोक मला जगू द्यायचे न्हाईत. हितं पळ. पन मोळी घेतल्याबिगर घरी यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून सत्यशीलाच्या पायांत मच्छिंद्रचे जुने कापडी बूट दिसू लागले. बोटांशी चिंध्या कोंबून तिनं ते मापात आणले होते.

त्या हिवाळ्यात तिनं मला पुरतं पाहिलं. सायकलवाल्यांनी मला कधी एवढं पाहिलं नव्हतं. त्यांची नजर पुढं असायची. ती मात्र आज स्टेशनाकडच्या फाट्यानं जायची, उद्या बारवेकडं. घाणेरीत बुडालेला मिलचा फाटाही तिनं वाकून, फांद्या बाजूला करत शोधून काढला. कुठं दगड निसरडा, कुठं सराटे, कुठल्या बोरीची बोरं गोड, सगळं तिला ठाऊक झालं. एकदा ती खदानीच्या काठापर्यंत गेली. पायाखालचा मुरूम सरकला तशी झटकन मागं झाली आणि पुन्हा त्या बाजूला पळत गेली नाही.

इकडं घरी रखमाजीचं वय झालं होतं. तो विसरू लागला होता. आधी चष्मा, मग नावं. पुढं पुढं तो सकाळी उठून द्वारकाबाईला विचारायचा, "डबा झाला का?" हे मला कळायचं ते सासू-सुनांच्या बोलण्यातून. द्वारकाबाई आता अधूनमधून सुनेसोबत रानात यायची आणि दगडावर बसून डोळे पुसायची.

पौषातल्या एका सकाळी फार दाट धुकं होतं. माझ्या अंगावर किती तरी वर्षांनी चाक टेकलं. मी लगेच ओळखलं. रखमाजी सायकल ढकलत चढ चढत होता. हँडलला रिकामा डबा लावलेला. अंगात मिलचा खाकी शर्ट, पण स्वेटर नाही, डोक्याला काही नाही. वळणावर त्यानं सवयीनं घंटी वाजवली.

माथ्यावर तो थांबला. मिलचा फाटा त्याला दिसेना; तिथं घाणेरीची भिंत होती. त्याच्या शेजारी शेरडांच्या जाण्यायेण्यानं मोकळा राहिलेला फाटा होता, खदानीकडचा. रखमाजीनं सायकल तिकडं वळवली.

मित्रांनो, मला हात असते तर मी त्याची सायकल धरली असती. तोंड असतं तर हाक मारली असती. आम्हा वाटांना तेवढंच येत नाही. माणूस जाईल तिकडं आम्हाला जावं लागतं.

गावात एकच धावपळ उडाली होती. मच्छिंद्र आणि कचरू मोटरसायकलवरून डांबरी रस्त्यानं थेट मिलच्या फाटकाशी गेले. कुणी स्टेशनावर गेलं. सायकल नेली म्हणजे रस्त्यानंच गेला असणार, असं सगळ्यांना वाटलं. जुन्या सवयीनं सासरा टेकडीवरूनच गेला असणार, हे ओळखून सत्यशीला मात्र भर गावातून, सगळ्यांच्या देखत, पळत निघाली. मागून द्वारकाबाईचा आवाज येत होता, "पळ बाई! जल्दी पळ!"

ती चढावर एकदाही थांबली नाही. माथ्यावर येऊन तिनं हाक मारली, "मामा! ओ मामा!" धुक्यातून उत्तर आलं नाही. ती आधी मिलच्या फाट्यात शिरली. घाणेरीच्या पानांवर दव तसंच होतं, कोणी तिथून गेलं नव्हतं. ती मागं फिरली. बारवेकडं धावली. पायऱ्यांवरून वाकून पाण्यात पाहिलं. तिथंही कोणी नव्हतं. पुन्हा माथ्यावर आली आणि या वेळी खाली वाकून माती न्याहाळली. खदानीच्या फाट्यावर ओल्या मातीत चाकाची रेघ होती.

ती कशी पळाली ते मी शब्दांत सांगू शकत नाही. माझ्या अंगावर तिचे पाय टेकत होते की नाही, तेही मला नीट कळलं नाही.

रखमाजी अगदी काठाशी उभा होता. सायकलचं पुढचं चाक काठाबाहेर गेलेलं, आणि तो दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून समोरच्या पांढऱ्या धुक्याकडं बघत होता. सत्यशीला दूरच थांबली. ओरडली असती तर तो दचकला असता. तिनं श्वास आवरला आणि हळू पावलांनी, साधं बोलावं तशी बोलत पुढं आली.

"काय मामा, डूटीवर का?"

"व्हय," रखमाजी वळून न बघता म्हणाला. "पन गेट बंद दिसतंय. भोंगा बी न्हाई झाला."

"आज सुट्टी हाय, मामा."

"सुट्टी? मला कोनी बोल्लं न्हाई."

"मला बी आत्ताच कळलं. या, मागं या. सायकल मी धरते."

तिनं एका हातानं त्याचा दंड धरला, दुसऱ्यानं सायकलचं कॅरिअर. दोघं दोन पावलं मागं आली, मग आणखी दोन. काठावरून मुरमाचं एक ढेकूळ सुटून खाली गेलं आणि खदानीत साचलेल्या पाण्यात पडल्याचा आवाज आला. सत्यशीलानं सासऱ्याला धावड्याच्या झाडाखाली बसवलं, आपली शाल त्याच्या अंगावर टाकली. त्याचे हात बर्फासारखे झाले होते. ती ते चोळू लागली.

रखमाजीनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "तू पळत आलीस काय?"

"व्हय."

"उशीर झाला का तुला?"

सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई, मामा," ती म्हणाली. "बराबर टायमाला आले."

धुकं विरत असताना ती दोघं गावाकडं उतरली. सायकल तिनं धरली होती आणि रखमाजीनं कॅरिअर. पायथ्याशी माणसं जमली होती. द्वारकाबाईनं आधी नवऱ्याला हात लावून पाहिलं, मग सुनेला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी सून पळती. रोज पळती. कुनाला काय म्हनायचं असंल तर आत्ताच म्हना."

दुसऱ्या दिवशी कचरूनं कोयता आणला आणि मच्छिंद्रला सोबत घेऊन घाणेरी तोडायला सुरुवात केली. खदानीच्या तोंडाशी त्यांनी बाभळीच्या काट्यांचं आडवं कुंपण घातलं.

रखमाजीला पुढं आणखी तीन हिवाळे लाभले. रोज सकाळी, डोक्याला मफलर गुंडाळून, तो 'डूटीवर' निघे. सायकल द्वारकाबाईनं उचलून ठेवली होती, म्हणून तो चालत येई. सत्यशीला पुढं पळत जाई, परत त्याच्यापाशी येई, पुन्हा पुढं जाई. माथ्यावर आल्यावर ती सांगे, "आज सुट्टी हाय, मामा." कधी तो खूश होई, कधी वैतागे. "ह्या मिलवाल्यांला सारखीच सुट्टी!" म्हणे आणि घराकडं वळे. त्याला सून आठवत नसे. वाट मात्र त्याच्या पायांना आठवत होती.

तो गेल्यावरही सत्यशीला येत राहिली. आता तिच्यासोबत गावातल्या चारदोन बायाही येतात. कुणी पळतं, कुणी भरभर चालतं. साखरेच्या आजारानं कचरूही काठी घेऊन येतो आणि सगळ्यांच्या मागं राहतो.

मित्रांनो, तुमच्याही गावामागं, कॉलनीमागं माझ्यासारखी एखादी वाट असेल. तिला सिमेंट घालू नका, दिवे लावू नका. थंडीच्या एखाद्या सकाळी तिच्यावर पायी जा. चालताना एक काटा दिसला तर तो उचलून बाजूला टाका. कुठला फाटा कुठं जातो, ते एकदा स्वतः जाऊन पाहा. माणसाच्या पायांवरच आम्ही जगतो. पाय यायचे थांबले की गवत आम्हाला पुसून टाकायला फार दिवस घेत नाही.

मी म्हातारी झाले, असं मला वाटत होतं. पण कालच सत्यशीला ओढ्याच्या कडेनं, करंजाच्या झाडांकडं पळत गेली. तिथं मी कधीच नव्हते. तिच्या पायांखाली गवत थोडं वाकलं आहे. आज सकाळी ती पुन्हा तिकडूनच गेली. असंच चालू राहिलं, तर या हिवाळ्याअखेर मला आणखी एक फाटा फुटेल.