सुभद्राबाईंचा डावा डोळा

वस्तीतल्या नव्या हापशीचा दांडा हातातून निसटला आणि थेट सुभद्राबाईंच्या डाव्या डोळ्याखाली बसला. खोबणीचं हाड मोडलं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आत प्लास्टिकची पट्टी बसवून खचलेला डोळा वर आणला. डोळा वाचला, पण वाहायला लागला. रांधताना, धान्य निवडताना, अगदी हसतानाही धार! बाई मात्र तपासणीला गेल्या की डॉक्टरांना सांगत, "बरं हाय जी." पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर निजायची त्यांना भारी धास्ती.

या धास्तीनं घात केला तो सावनेरला. एकुलत्या एक रुपरावसाठी त्या मुलगी पाहायला गेल्या. सुमती पोहे घेऊन आली, बाईंना पाहताक्षणी आवडली, आणि नेमका तेव्हाच मेला डोळा पाझरू लागला. शुभकार्यात मुलाची आई रडते! मुलीचे वडील वामनराव हबकलेच. चार दिवसांत निरोप आला, "मुलाच्या आईच्या मनात नाही, तिथं पोरगी द्यायची नाही."

रुपराव भरल्या ताटावरून उठला. सोन्यासारखी पोरगी आपल्या भित्रेपणानं गेली! दुसऱ्याच दिवशी त्या आपल्या पायांनी दवाखान्यात हजर.

"पट्टी सरकून आसवांची वाट दाबते आहे," डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस बोलला का नाहीत? ती काढू, नाकात नवी वाट करून देऊ. मोडलेलं हाड आता भरून आलं आहे, डोळा खचायचा नाही."

ऑपरेशनची जखम भरल्यावर डॉक्टरांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून मिठाचं पाणी सोडून पाहिलं. ते घशात उतरलं.

"खारट लागून राहिलं जी!" बाई ओरडल्याच. वाट मोकळी झाली होती.

मग रुपरावला घेऊन त्या बिनबोलावता सावनेरला धडकल्या. लाज कसली त्यात! पट्टीची, वाटेची, सगळी हकिकत त्यांनी सांगितली. मुलीची आई त्यांच्या डाव्या डोळ्याकडे टक लावून बसली होती. डोळा कोरडा ठणठणीत.

"सुमती, इकडे ये वं," वामनरावांनी हाक मारली. "तुले पसंत हाय का?"

सुमतीनं होकारानं मान डोलावली आणि ती वाकून बाईंच्या पाया पडली. बाईंच्या गालांवरून घळाघळा पाणी ओघळलं.

वामनराव दचकले. "काहून जी, पुन्हा?"

"अवो, पाहा ना, या खेपेले दोन्ही डोळे रडून राहिले!" हुंदक्यातच हसत बाईंनी सुमतीला उराशी धरलं.