झोपेत घातलेलं पाणी

माझ्याकडे बघून कुणाला मी झाड वाटत नाही. कासव मातीत अर्धं पुरून ठेवावं, तसा मी एक भेगाळलेला कंद. होटगीच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर, डालड्याच्या डब्यात राहतो.

माझी रीत इथल्या झाडांच्या उलटी. थंडी पडली की माझ्या डोक्यातून वेल फुटते. उन्हं तापली की ती वाळते आणि मी पाच-सहा महिने झोपतो. तेव्हा मला पाणी चालत नाही.

सत्तर साली सोलापुरातल्या एका दवाखान्यातली परदेशी नर्स मायदेशी निघाली. तिने मला तिथली आया काशम्मा हिला दिलं. काशम्माने जाड वाळूत खडी कालवून मला लावलं. दिवाळीनंतर आठवड्याला पेलाभर पाणी, बास. बहात्तरच्या दुष्काळात शेजारणी म्हणायच्या, "तुजं झाड बरं हाय की, पाणीच मागत न्हाय."

चौऱ्याहत्तरच्या माघात तिची लेक शरणव्वा बाळंतपणात गेली. बाळही गेलं. काशम्मा रडली नाही. भाकरी थापायची, कामावर जायची, आल्यावर भिंतीकडे बघत बसायची. माझी वेल वाळली, तेही तिला दिसलं नाही.

तिचा नवरा शिवशरण रेल्वेत केबिनमन होता, सिग्नलचे खटके ओढायचा. तिच्याशी काय बोलावं, त्याला कळेना. ड्यूटीवरून आला की तो मला तांब्याभर पाणी घालू लागला. चैत्र गेला, वैशाख गेला. मी आतून मऊ पडत गेलो. दुखलं नाही. झोपेत काही दुखत नाही.

एका सकाळी काशम्माला वास आला. तिने मला दाबून पाहिलं. बोट आत गेलं.

"पाणी कुणी घातलं ह्याला?"

"मी. वाळलं हुतं की."

"निजलं हुतं ते."

"मला काय ठावं? तुला इचारायची सोय हाय का?"

तिने विळी आणली. कुजलेलं चिरत गेली, पांढरा गर लागेपर्यंत. मी अर्धा उरलो. राख फासताना ती एकदम मोठ्याने रडायला लागली. शिवशरण शेजारी बसून राहिला.

त्यानंतरची थंडी कोंब न फुटताच गेली. आता दुसरी चालू आहे. अजूनही काही नाही. संध्याकाळी दोघं ओट्यावर येऊन बसतात.

"जित्ता असंल का गं?" तो विचारतो.

"ठावं न्हाय," ती म्हणते.

मलाही ठाऊक नाही. एवढंच सांगतो, मी उगवलो नाही तर शिवशरणला बोल लावू नका. त्या घरात तेव्हा कुणाला तरी पाणी पाजायला हवं होतं, आणि त्याच्या हाताशी मीच होतो.